आधी महिना, मग वारा: दक्षिण फ्लोरिडात आरव्ही लावायची जागा कशी निवडावी

एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानात होमस्टेड गावाच्या बाजूने शिरलं की फ्लमिंगोकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक पाटी लागते: ‘रॉक रीफ पास, उंची ३ फूट’. कसारा नि खंबाटकी चढून-उतरून वाढलेले आपण या तीन फुटांच्या घाटाला पोटभर हसतो आणि पाटीशी उभं राहून फोटो काढतो. पण ती पाटी थट्टेपुरती नाही. ओकीचोबी तलावाकडून समुद्राकडे येताना इथली जमीन मैलाला जेमतेम दोन इंच उतरते, आणि तेवढ्या उतारावरून पाणी मैलोन्मैल रुंद पसरून, गवतातून, दिसेल-न-दिसेल असं वाहत असतं. अशा मुलखात तीन फूट ही खरोखरच उंची आहे.

कॉलोरॅडो-युटाच्या डोंगरांत आरव्हीने, म्हणजे झोपायची नि स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीने, कॅम्पिंग केलेली मंडळी इथे फसतात ती याच कारणाने. तिकडे आपण देखावा बघून साइट, म्हणजे गाडी लावायची जागा, निवडतो. इथे कोकणातल्या जुन्या माणसाने घराची जागा निवडावी तशी निवडायची: पाणी कुठून येतं, वारा कुठून येतो, आणि संध्याकाळी काय चावतं. देखावा आपोआप मिळतोच.

आमची पहिली फेरी मेच्या शेवटच्या आठवड्यात झाली. मुलांच्या शाळा संपल्या होत्या, आई-बाबा पुण्याहून आले होते आणि एका खासगी आरव्ही पार्कात अगदी पाण्याला लागून असलेली साइट चक्क स्वस्तात मिळाली होती. मेमध्ये पाण्यालगतची साइट स्वस्त का, हा प्रश्न मला पडला नाही. सहा वाजता उत्तर मिळालं. डासांच्या जाळीतून आरपार येणारे, चिलटाहूनही बारीक किडे, ज्यांना इकडे ‘नो-सी-अम’ म्हणतात, त्यांनी बाबांच्या पोटऱ्या फोडून काढल्या. दारं-खिडक्या बंद करून एसी लावला, आईने इंडक्शनवर भाताचा कुकर चढवला आणि ब्रेकर उडाला. त्या रात्री जे शिकलो ते पुढे क्रमाने देतो.

पहिलं काम: महिना ठरवा

या भागात ऋतू दोनच. डिसेंबर ते एप्रिल कोरडा, मे ते नोव्हेंबर ओला. कोरड्या दिवसांत दुपारी साधारण २५ अंश सेल्सियस आणि पहाटे १२च्या आसपास, म्हणजे पुण्यातली थंडी. ओल्या दिवसांत ३२ अंश, वर ९० टक्क्यांपर्यंत जाणारी दमट हवा, रोज दुपारी गडगडाट आणि डासांचे ढग. त्यात १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम.

पहिल्यांदा येणाऱ्याने जानेवारी ते मार्चच निवडावा, असं माझं स्पष्ट मत आहे. पाणी आटलेलं असतं, त्यामुळे उरलेल्या डबक्यांभोवती बगळे, वुड स्टॉर्क जातीचे करकोचे आणि अ‍ॅलिगेटर एकाच जागी गोळा झालेले दिसतात. डिसेंबरही चांगला, पण नाताळच्या सुट्टीत जागा मिळणं कठीण. मुलांच्या उन्हाळी सुट्टीचा हट्ट मात्र सोडा. लाँग पाइन कीसारखं सुंदर कॅम्पग्राउंड उन्हाळ्यात बंदच असतं, यातून काय ते समजा.

भारतातून आई-वडील येणार असतील तर त्यांचं तिकीटच हिवाळ्याचं काढा. खर्चाचा एक मुद्दाही लक्षात ठेवा. १ जानेवारी २०२६ पासून एव्हरग्लेड्ससह ११ राष्ट्रीय उद्यानांत, अमेरिकेत न राहणाऱ्या १६ वर्षांच्या आणि त्यावरच्या पाहुण्यांना नेहमीच्या प्रवेशशुल्काखेरीज माणशी १०० डॉलर जादा पडतात. त्यांच्यासाठी वार्षिक पासही वेगळा, २५० डॉलरचा. शेजारच्या बिग सायप्रस राखीव क्षेत्रात प्रवेशशुल्क नाही. चार पाहुणे असतील तर मुक्काम आणि फिरणं दोन्ही बिग सायप्रसलाच ठेवावं का, हा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे.

लोकांचे अभिप्राय वाचतानाही आधी तारीख बघा. जुलैतला अभिप्राय आणि जानेवारीतला अभिप्राय हे दोन वेगळ्या गावांबद्दलचे असतात. ‘स्वर्ग’ आणि ‘नरक’ एकाच साइटखाली लिहिलेलं दिसेल, आणि दोघंही खरं बोलत असतात.

दुसरं: कोणत्या बाजूला उतरायचं

नकाशावर सगळं जवळजवळ दिसतं. प्रत्यक्षात एव्हरग्लेड्सची प्रवेशद्वारं उद्यानाच्या आतून एकमेकांना जोडलेली नाहीत. होमस्टेडकडून आत गेलात तर ३८ मैलांवर फ्लमिंगो, आणि तिथे रस्ता संपतो. पुढे समुद्र. शार्क व्हॅली या दुसऱ्या प्रवेशद्वाराला जायचं तर त्याच रस्त्याने परत बाहेर येऊन वरच्या टॅमियामी ट्रेल या रस्त्यावर जावं लागतं. फ्लमिंगोला मुक्काम ठोकून ‘उद्या सकाळी एव्हरग्लेड्स सिटीला बोटीत बसू’ असं म्हणणाऱ्याचे एका बाजूचेच अडीच-तीन तास जातात.

दक्षिणेकडे उद्यानाची स्वतःची दोन कॅम्पग्राउंड आहेत. लाँग पाइन की प्रवेशद्वारापासून सातेक मैलांवर, पाइनच्या बनात, समुद्रापासून आत. तिथे डास त्यातल्या त्यात कमी, पण विजेची जोडणी नाही. फ्लमिंगो खाडीच्या काठाला. काही साइट्सना वीज आहे, पण नळ-ड्रेनेज साइटवर नाही. पाणी भरायला आणि टाकी रिकामी करायला गाडी डंप स्टेशनपर्यंत न्यावी लागते. फ्लमिंगोच्या धक्क्यावर मानाटी (समुद्रगाय) आणि क्रोकोडाइल दोन्ही दिसतात. अ‍ॅलिगेटर आणि क्रोकोडाइल रानात एकत्र राहतात असा जगातला हा एकच भाग.

उत्तरेला टॅमियामी ट्रेल, म्हणजे हायवे ४१. हा रस्ता १९२८ साली खुला झाला. टॅम्पा आणि मायामी यांना जोडतो म्हणून टॅमियामी. त्याच्या कडेने बिग सायप्रसची कॅम्पग्राउंड लागतात. मिडवेला विजेची जोडणी आणि डंप स्टेशन आहे, मधोमध तळं आहे, आणि नवशिक्याला मी डोळे मिटून हेच सुचवतो. मॉन्युमेंट लेक त्याहून साधं, तंबूवाल्यांना आवडेल असं. तिथली शॉवर थंड पाण्याची आणि उघड्यावरची, हे घरात आधीच सांगून ठेवा. याच रस्त्याने पश्चिमेला नेपल्सच्या अलीकडे कॉलियर-सेमिनोल हे राज्य उद्यान लागतं. टॅमियामी ट्रेल बांधताना वापरलेलं ‘चालतं’ खोदयंत्र तिथे ठेवलं आहे. यंत्रांचं वेड असलेल्या मुलांना नक्की दाखवा.

मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्याला एव्हरग्लेड्स सिटी आणि चोकोलोस्की. खासगी पार्क, मासेमारी, टेन थाउजंड आयलंड्सच्या बोटी. इथली खारफुटी बघून कोकणातल्या माणसाला भरून येतं. आपला कांदळ आणि तिवर यांचीच भावकी, मुळं तशीच अधांतरी, चिखलाचा वासही ओळखीचा.

चौथी बाजू म्हणजे कीज, समुद्रात ओवलेली बेटांची माळ. दलदल कमी, समुद्र जास्त, पैसे सगळ्यांत जास्त. जॉन पेनीकँप आणि बाहिया होंडा या राज्य उद्यानांत जागा मिळाली तर सोडू नका. नाही मिळाली तर पहिल्या खेपेला कीज दिवसभरात फिरून मुक्काम होमस्टेडला करणं शहाणपणाचं.

तिसरं: जागा कोणाची

राष्ट्रीय, राज्य, काउंटी आणि खासगी, असे चार मालक. सरकारी ठिकाणी झाडी जास्त, दोन साइट्समध्ये अंतर जास्त आणि भाडं कमी. सोयी मात्र जेमतेम. खासगी पार्कात पूर्ण जोडणी, म्हणजे वीज, पाणी आणि ड्रेनेज तिन्ही साइटवर, शिवाय कपडे धुवायची मशीन आणि पोहायचा तलाव. पण गाड्या चाळीतल्या खोल्यांसारख्या खेटून उभ्या असतात, आणि हिवाळ्यात रात्रीला १०० डॉलरच्या वर भाडं ही नवलाची गोष्ट नाही. या दोहोंमधला पर्याय लोक विसरतात तो काउंटीचा. मायामी प्राणिसंग्रहालयाजवळचं लॅरी अँड पेनी थॉम्पसन पार्क हे तसं एक. पूर्ण जोडणी आहे आणि होमस्टेडही जवळ.

खासगी पार्काला फोन करताना दोन प्रश्न आधी विचारा. पहिला वयाचा: बरीच पार्क ५५ वर्षांवरच्यांसाठी असतात आणि मुलं असतील तर सरळ नाही म्हणतात. दुसरा गाडीच्या वयाचा: दहा वर्षांहून जुनी आरव्ही घेत नाही, असा नियम अनेक ठिकाणी आहे. भाड्याच्या गाडीला त्याचा त्रास होत नाही, पण मित्राची जुनी गाडी मागून नेणार असाल तर दारातून परत फिरावं लागेल.

बुकिंगचं वेळापत्रक कडक आहे. फ्लोरिडाच्या राज्य उद्यानांत २०२४ पासून राज्यातल्या रहिवाशांना ११ महिने आधी आणि बाहेरच्यांना १० महिने आधी नोंदणी खुली होते. म्हणजे तुम्ही न्यू जर्सी किंवा टेक्सासहून येणार असाल तर तुमची पाळी येईपर्यंत महिनाभर इतरांनी हात मारलेला असतो. कीजमधल्या साइट्स खुल्या होताक्षणी जातात. ऑर्लँडो-टॅम्पाकडे राहणारा कोणी मित्र तुमच्याबरोबर येणार असेल तर बुकिंग त्यालाच करू द्या. बिग सायप्रसचं आरक्षण रिक्रिएशन डॉट गव्हवर होतं. जागा नसेल तर रोज सकाळी चहाबरोबर एकदा बघत राहा. रद्द झालेल्या साइट्स परत येतात, विशेषतः मुक्कामाच्या आधीच्या आठवड्यात आणि रविवार ते गुरुवारच्या रात्रींसाठी.

चौथं: विजेचा हिशेब

डोंगरात एसी नसला तरी चालतो. दलदलीत एसी गारव्यासाठी कमी आणि हवेतलं पाणी काढायला जास्त लागतो. खिडक्या उघडाव्यात तर किडे, बंद ठेवाव्यात तर कोंडमारा. म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी सोडून इतर वेळी विजेशिवायची साइट नवशिक्याने घेऊ नये. जनरेटरवर भागवू म्हणाल, तर रात्री तो बंद करावा लागतो, आणि एसी हवा असतो तो रात्रीच.

साइटच्या माहितीत ‘३० अँप’ की ‘५० अँप’ ते बघा. ३० अँप म्हणजे १२० व्होल्टवर एकूण ३६०० वॅट. छतावरचा एक एसी १३ अँपच्या आसपास खातो. १८०० वॅटचं इंडक्शन पूर्ण ताकदीवर १५ अँप. त्यात कोणी दूध गरम करायला मायक्रोवेव्ह लावला की आणखी बारा-तेरा. बेरीज चाळिशीला गेली आणि ब्रेकर पडला. आमचं नेमकं असंच झालं. ५० अँपची जोडणी नुसती वीस अँपने मोठी नसते, तिच्यात दोन वेगळ्या लाइन येतात आणि एकूण १२००० वॅट मिळतात. पण तुमची गाडी ५० अँपची असेल तरच त्याचा उपयोग. भाड्याच्या बहुतेक छोट्या मोटरहोम ३० अँपच्याच असतात. तेव्हा उपाय साधा: कुकर गॅसवर लावा, किंवा शिट्ट्या होईपर्यंत एसी बंद ठेवा.

पाचवं: पाणी आणि टाक्या

गाडीत तीन टाक्या: चांगल्या पाण्याची, मोरीच्या पाण्याची आणि संडासाची. नवशिके पहिल्याच दिवशी पूर्ण जोडणीच्या साइटवर सगळे व्हॉल्व्ह उघडून ठेवतात. मोरीचा उघडा ठेवला तर चालतं, संडासाचा नाही. पाणी निघून जातं आणि उरतं ते वाळतं. इथल्या उकाड्यात त्याचं काय होतं ते लिहीत नाही. ती टाकी निदान दोन तृतीयांश भरू द्या, मग आधी ती सोडा आणि नंतर मोरीची, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुतली जाते.

साइटवर ड्रेनेज नसेल तर चार माणसांच्या भारतीय स्वयंपाकाला मोरीची टाकी दोन-तीन दिवसांत भरते. तेलकट कढया आधी कागदाने पुसून घ्या. पूर्ण जोडणीसाठी अडून बसू नका. तीन रात्रींच्या मुक्कामाला वीज आणि आवारातलं डंप स्टेशन पुरे.

सहावं: साइटचा नंबर

इथे घाई करू नका, सगळा खेळ इथेच आहे. बुकिंगच्या नकाशाशेजारी उपग्रहाचं चित्र उघडा. आधी पाणी कुठे ते बघा. तळ्याला चिकटलेली साइट फोटोत छान दिसते; लहान मुलं किंवा कुत्रा असेल तर मी एक ओळ मागची घेतो. मग वारा. नो-सी-अम उडण्यात कच्चे. जरा वारा असला की त्यांचं चालत नाही. म्हणून उघड्यावरची, वारा लागणारी साइट दाट सावलीतल्या कोपऱ्यापेक्षा बरी. जानेवारीत सावलीची गरजही फारशी पडत नाही. एक टेबलफॅन बरोबर ठेवा आणि संध्याकाळी बाहेर बसाल तेव्हा पायांकडे तोंड करून लावा. मलमापेक्षा गुण लवकर.

साइटची लांबी गाडीपेक्षा चार-पाच फूट जास्त हवी. गाडी सरळ आत घालून पुढून बाहेर काढता येईल अशी साइट मिळाली तर सोन्याहून पिवळं. उलटी गाडी घेताना आरडाओरडा होऊन पहिलीच संध्याकाळ वाया जात नाही. स्वच्छतागृहाच्या अगदी समोरची नको, रात्रभर दिवा आणि दाराची धडधड. दोन-तीन साइट सोडून घ्या.

तंबूवाल्यांसाठी: लाँग पाइन कीला मातीचा थर पातळ, खाली चुनखडीचा खडक. पातळ खुंट्या वाकतात, मजबूत घ्या.

शेजारी

अ‍ॅलिगेटरपासून किमान पंधरा फूट दूर राहायचं, खायला घालायचं नाही (फ्लोरिडात तो गुन्हा आहे), आणि अंधार पडल्यावर पाण्याच्या काठाला जायचं नाही. एवढं पाळलं तर त्याचा त्रास नाही. खरा उपद्रव रॅकूनचा. हवाबंद, झाकण घट्ट बसणारे डबे न्या. पापड सादळत नाहीत आणि रॅकूनला वासही येत नाही. उद्यानातल्या रॉयल पाम या ठिकाणच्या पार्किंगमध्ये गिधाडं गाड्यांचे वाइपर आणि खिडक्यांचं रबर ओरबाडतात, म्हणून उद्यानाने गाडी झाकायला ताडपत्र्या ठेवल्या आहेत. लाजू नका, घ्या.

आणि एक झाड ओळखून ठेवा: पॉइझनवुड. कीजमध्ये आणि दक्षिणेकडच्या झाडीत सगळीकडे असतं. आंबा-काजूच्या कुळातलं, म्हणजे आपल्या बिब्ब्याचं भावंड, आणि बिबा उततो तसाच याचा चीक अंगावर उततो. पानांवर काळे डाग असतील तर त्या झाडाला हात लावू नका आणि पावसात खाली उभं राहू नका. साइटवर अशा झाडाची फांदी लोंबत असेल तर कपड्यांची दोरी तिथे बांधू नका.

वादळाचा विचार

हिवाळ्यात येणाऱ्यांनी हा भाग सोडला तरी चालेल. जून ते नोव्हेंबरात येणारच असाल तर बुकिंगआधी पैसे परत मिळण्याचे नियम वाचा. १० सप्टेंबर २०१७ला अर्मा वादळ कीजवर आदळलं, २८ सप्टेंबर २०२२ला इयन वादळ फोर्ट मायर्सच्या बाजूला. दोन्ही खेपेला किनाऱ्यावरची आरव्ही पार्क उद्ध्वस्त झाली. आरव्ही हे वादळात थांबायचं घर नाही. कीजमधून बाहेर पडायला मुख्य रस्ता एकच, बेचाळीस पुलांचा, आणि आदेश निघतो तेव्हा पर्यटकांना सगळ्यांत आधी निघायला सांगतात. कोणी सांगायची वाट बघू नका. टाकी अर्ध्याखाली गेली की पेट्रोल भरून ठेवा.

पोहोचल्यावर

होमस्टेडला किराणा, पेट्रोल आणि फळं घेऊन ठेवा. फ्लमिंगोच्या वाटेवर ‘रॉबर्ट इज हिअर’ हे फळांचं जुनं दुकान लागतं. पेरू, पपया आणि हंगामाप्रमाणे फणसही मिळतो. मग सूर्यास्ताच्या किमान दोन तास आधी कॅम्पग्राउंड गाठा. गाडी साइटवर लावली की लगेच वायर जोडू नका. पाच मिनिटं बाहेर नुसते उभे राहा: पायाला काय लागतंय, वारा आहे का, डबकं किती जवळ आहे, वर कसली फांदी आहे. बरं वाटलं नाही तर ऑफिसात जाऊन साइट बदलून मागा. रिकामी असेल तर बहुतेक देतात, पण ऑफिस लवकर बंद होतं, आणि एकदा गाडीची कापडी चांदणी उलगडून, खुर्च्या मांडून, चहा ठेवला की घरातलं कोणी हलायला तयार नसतं.